कॅम्पसवर घोषणा द्यायला परवानगी लागते का?

बडोद्यात जून-जुलै आला की प्रवेशाच्या याद्यांबरोबर धरणे आंदोलनंही येतात. कॉमर्सच्या जागा, होस्टेलच्या मेसचे पैसे, रखडलेले निकाल, काहीतरी असतंच. एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीच्या हेड ऑफिसपाशी मुलं ठिय्या देतात. कोणी आवेदनपत्र घेऊन येतं, कोणी कुलगुरूंच्या दाराशी रामधून, म्हणजे रामनामाचं भजन, सुरू करतं, मग पोलिसांची गाडी येते आणि टिंगाटोळी करून, म्हणजे हातापायांना धरून उचलून, मुलांना गाडीत घातलं जातं. त्यानंतर दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांमध्ये एकच प्रश्न फिरतो : हे कायद्यात बसतं का? मुलगा विचारतो तेव्हा त्याला 'हो' ऐकायचं असतं, आई विचारते तेव्हा तिला 'नाही' ऐकायचं असतं.

शांततेने केलेली निदर्शनं बहुतेक वेळा कायद्यात बसतात. पण इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि तीच मुलांना महागात पडते. राज्यघटना काय म्हणते हे एक, पोलिसांना काय अधिकार आहेत हे दुसरं आणि विद्यापीठाची शिस्त कुठपर्यंत चालते हे तिसरं. पोलिसांच्या दृष्टीने काहीच गुन्हा नसताना विद्यापीठ कारवाई करू शकतं. विद्यापीठाने परवानगी दिलेली असूनही पोलीस अडवू शकतात. आणि दोघांनी मिळून अडवलं तरी न्यायालय म्हणू शकतं की दोघेही चुकले.

घटनेपासून सुरुवात करू. कलम १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा आणि विचार मांडण्याचा हक्क देतं. त्याच कलमाचा पुढचा भाग शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क देतो. हे हक्क अमर्याद नाहीत. ज्या माणसाला बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं आणि १९१७ मध्ये तो इथे नोकरीला आला तेव्हा ज्याला या शहरात राहायला खोली मिळाली नाही, त्या डॉ. आंबेडकरांनीच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितलं होतं की मूलभूत हक्क अमेरिकेतसुद्धा निरपवाद नाहीत. मात्र ते कोणत्या कारणांनी मर्यादित करता येतील याची यादी घटनेतच आहे, आणि आंदोलन करणाऱ्या प्रत्येक मुलाने ती एकदा तरी नीट वाचावी असं मला वाटतं.

बोलण्यावर बंधन घालायची कारणं अशी : देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. जमण्याच्या हक्काची यादी आणखी आखूड आहे, तिथे सार्वभौमत्व-एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढीच कारणं आहेत. शिवाय बंधन 'वाजवी' असलं पाहिजे आणि ते 'कायद्याने' घातलेलं असलं पाहिजे.

आता या यादीत काय नाही ते पाहा. 'संस्थेची प्रतिमा मलिन होते' हे कारण त्यात नाही. 'वरिष्ठांचा अनादर' नाही. 'वातावरण बिघडतं' हे सुद्धा नाही, ते बिघडणं सार्वजनिक सुव्यवस्थेपर्यंत पोचल्याचं दाखवावं लागतं. कॅम्पसवरच्या नोटिशीत मात्र नेमकी हीच कारणं वाचायला मिळतात.

कोणी म्हणेल, घोषणा आणि फलक म्हणजे काही भाषण नव्हे. या मुद्द्याचा निकाल १९६२ मध्येच लागला. बिहार सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कुठल्याही प्रकारची निदर्शनं करायला बंदी घातली होती. कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निदर्शनं हीसुद्धा विचार मांडण्याची रीत आहे, म्हणून सरसकट बंदी टिकणार नाही. काळी फीत, फलक, मूक मोर्चा, रामधून हे सगळं या छत्राखाली येतं. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की संप करणं हा मूलभूत हक्क नाही. आणि घेराव तर नाहीच. कुलसचिवांना खोलीत कोंडून ठेवलं, त्यांची वाट अडवली, तर तो माणसाची हालचाल रोखण्याचा गुन्हा होतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कारखान्यांतल्या घेरावांबद्दल हे सविस्तर सांगून ठेवलं आहे. घोषणा देणारे पाचशे असोत, मधून माणूस जाऊ शकत असेल तर ते निदर्शन. पाचच असोत, पण दाराला कडी घातली असेल तर प्रकरण बदललं.

जागा कोणाची?

जागेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल गुजरातमधूनच गेलेला आहे, आणि तोही विद्यार्थ्यांच्या संपाच्या निमित्ताने. १९६९ मध्ये अहमदाबादेत हिंमतलाल शाह यांनी विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संपासंबंधी पांचकुवा दरवाजाजवळ सभा घ्यायची परवानगी मागितली. पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांसमोर गेलं आणि सप्टेंबर १९७२ मध्ये निकाल लागला. सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचं नियमन सरकारला करता येईल, वाहतुकीसाठी वेळ आणि जागा ठरवून देता येईल. पण कोणाला परवानगी द्यायची आणि कोणाला नाही याचा कसलाही निकष न देता सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनाबाह्य आहे, असं न्यायालय म्हणालं. मुंबई पोलीस कायद्याखालचा तो नियम रद्द झाला.

दुसऱ्या बाजूला १९६९ चाच आणखी एक निकाल आहे. रेल्वेच्या आवारात, कार्यालयांत सभा घेण्याचा हक्क कर्मचाऱ्यांनी मागितला, तेव्हा न्यायालय म्हणालं की जागेच्या मालकाला तिचा वापर ठरवता येतो. सरकारी जागा आहे एवढ्यावरून ती सभेसाठी मोकळी होत नाही.

मग कॅम्पस या दोन्हींत कुठे बसतो? मला तो जुन्या वाड्यातल्या चौकासारखा वाटतो. तो रस्ता नाही, कोणी बाहेरचा येऊन तिथे बाजार मांडू शकत नाही. पण कोणा एकाची खोलीही नाही, वाड्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा तिथे वावर असतो. वर्ग चालू असताना लाउडस्पीकर नको, ग्रंथालयाच्या दाराशी ढोल नको, परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या इमारतीपासून लांब बसा, असं विद्यापीठ हक्काने सांगू शकतं. लाउडस्पीकरचं तर विद्यापीठाने सांगायचीही गरज नाही : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून धरता येतो.

नियम योग्य आहे का हे ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारते : हा नियम फलकावर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय लागू करता येतो का? 'पाच वाजल्यानंतर, मैदानाच्या या कोपऱ्यात, लाउडस्पीकरशिवाय' हा नियम फलक न वाचताही लागू होतो. तो सगळ्यांना सारखाच आहे, मग मुलं एबीव्हीपीची असोत, एनएसयूआयची असोत किंवा कुठलाच झेंडा नसलेली. पण सैनिकांच्या सन्मानार्थ मेणबत्ती मोर्चाला एका तासात परवानगी आणि फीवाढीच्या विरोधातल्या मोर्चाचा अर्ज चार आठवडे टेबलावर, असं होत असेल तर तिथे जागेचं नियमन नसून विचाराची निवड चालली आहे. न्यायालयात हा फरक सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून अर्ज लेखी द्यावा, आवक शिक्क्याची प्रत घ्यावी आणि नकार आला तर कारणासह लेखी मागावा. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. पुढे उच्च न्यायालयात वकिलाच्या हातात हाच शिक्का असतो.

पोलिसांचा जाहीरनामा

शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे इथे दोन कायदे चालतात. एक, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जमावबंदीचं कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. दुसरं, मुंबई पोलीस कायदा १९५१, जो आता गुजरात पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, त्याचं कलम ३७. या दुसऱ्या कलमाखाली आयुक्त सभा-मिरवणुकांवर बंदी घालू शकतात, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही.

अडचण अशी की असे मनाईचे जाहीरनामे एकामागून एक निघत राहिले तर अपवाद म्हणून दिलेला अधिकार बारमाही होतो. २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४४ बद्दल स्पष्ट केलं आहे की हे अधिकार वाजवी मतभेद दाबण्यासाठी वापरायचे नाहीत, आदेशात कारणं हवीत, आणि आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे नागरिकाला त्याला आव्हान देता येईल. तेव्हा 'मनाई आहे' असं तोंडी सांगितलं तर नम्रपणे क्रमांक आणि तारीख विचारावी. आदेश खरोखर लागू असेल तर तो मोडू नये, न्यायालयात जावं. तो मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खालचा गुन्हा आहे. शिक्षा फार मोठी नाही, साध्या प्रकरणात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार दिल्याशिवाय न्यायालय त्याची दखलही घेत नाही. तरी खटला हा खटलाच असतो.

गुजरातमधलं प्रशासन विद्यार्थ्यांच्या जमावाला एवढं का बिचकतं याला इतिहास आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून मुलं चिडली. त्या ठिणगीतून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. चिमणभाई स्वतः बडोद्याच्या याच विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते. नवनिर्माणात हिंसाही झाली, माणसं गेली, हे विसरता कामा नये. पण मेसच्या बिलाबद्दल बोलणाऱ्या मुलांचं तेव्हाच कोणी ऐकून घेतलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोंधळ कोणी घातला?

आता त्या मुद्द्याकडे येते ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मे २००७. फाइन आर्ट्स फॅकल्टीत वार्षिक परीक्षेसाठी विद्यार्थ्यांनी आपली कामं मांडली होती. ती परीक्षकांसाठी होती, शहरासाठी भरवलेलं प्रदर्शन नव्हतं. बाहेरचे लोक आत शिरले, एका विद्यार्थ्याच्या चित्रांनी धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि पोलिसांनी अटक केली ती त्या विद्यार्थ्यालाच. त्याला जामीन मिळेपर्यंत काही दिवस कोठडीत काढावे लागले. निषेध म्हणून इतर विद्यार्थ्यांनी कलेच्या इतिहासातल्या शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन लावलं, म्हणजे जे वर्गात शिकवलं जातं तेच. ते बंद करा असा हुकूम आला. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी तो मानला नाही आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. मे २०२२ मध्ये त्याच फॅकल्टीत पुन्हा एका विद्यार्थ्याच्या कामावरून वादळ उठलं आणि विद्यापीठाने त्याला रस्टिकेट केलं, म्हणजे काढून टाकलं.

ती चित्रं तुम्हाला आवडली असती की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कोणाला खरोखर वाईट वाटलं असेल, तर त्यालाही निषेधाचा तेवढाच हक्क आहे. त्याने फाटकाबाहेर फलक घेऊन उभं राहावं, पत्र लिहावं, कायदेशीर तक्रार करावी. पण एकाने चित्र टांगलं आणि दुसऱ्याने त्यावरून दांडगाई केली, तर शांतता कोणी मोडली? आपल्याकडे उत्तर नेहमी उलटं दिलं जातं : 'चित्रच लावलं नसतं तर काही झालंच नसतं.' हे तर्कट एकदा मान्य केलं की बोलण्याची मर्यादा घटना ठरवत नाही. सगळ्यांत लवकर हात उचलणारा माणूस ती ठरवतो.

सर्वोच्च न्यायालयाने हे तर्कट १९८९ मध्येच नाकारलं आहे. एस. रंगराजन खटल्यात एका चित्रपटावरून निदर्शनं होतील, हिंसा होईल, म्हणून तो रोखावा असा युक्तिवाद होता. न्यायालय म्हणालं, धमकी दिली जाते म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, तसं करणं म्हणजे ब्लॅकमेलपुढे शरण जाणं होईल. संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, विरोधक आवरत नाहीत ही सबब चालणार नाही. आणि धोका कल्पनेतला, दूरचा नको, दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका थेट हवा. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने आणखी एक रेष आखली. एखाद्या विषयाची चर्चा करणं आणि एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणं, तो कितीही अप्रिय असो, यांना संरक्षण आहे. बंधनाचा प्रश्न चिथावणीपाशी सुरू होतो.

आणि अगदी अलीकडचा निकाल तर गुजरातमधल्याच एफआयआरवरचा आहे. राज्यसभा खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका कवितेसह व्हिडिओ टाकला म्हणून जामनगरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजताना कणखर, समंजस माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. व्यवहारात त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या, बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं नेहमी योग्य ठरेल, असं मार्गदर्शन त्यात आहे. धार्मिक भावना दुखावणं आणि गटांत वैर पसरवणं ही कलमं सर्वसाधारणपणे याच टप्प्यात येतात. २००७ मध्ये फाइन आर्ट्सच्या दारात हे मार्गदर्शन असतं तर अटकेआधी कोणीतरी ती चित्रं शांतपणे पाहिली असती.

एम. एस. सारखं सरकारी विद्यापीठ घटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्य' आहे. म्हणून त्याने हक्क डावलला तर थेट उच्च न्यायालयात जाता येतं. खासगी विद्यापीठांत हा रस्ता अरुंद आहे. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र आधी पुढे येतं, म्हणून ते सही करण्यापूर्वी वाचा.

विद्यापीठाची शिस्त

'परिपत्रक काढलं आहे' हे वाक्य कॅम्पसवर ब्रह्मवाक्य समजलं जातं. केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहूनही धार्मिक श्रद्धेमुळे ते न गायल्याबद्दल शाळेतून काढलं, तेव्हा १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्या परिपत्रकाला कायद्याचा आधार नाही ते घटनेतला हक्क काढून घेऊ शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा : हे परिपत्रक विद्यापीठाच्या कायद्यातल्या कुठल्या तरतुदीखाली काढलं? २०२३ मध्ये गुजरातच्या ११ सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा आला आणि बडोद्याचा १९४९ चा स्वतंत्र कायदा, सेनेट आणि सिंडिकेट या निवडून आलेले सदस्यही असलेल्या मंडळांसह, मागे पडला. विद्यापीठाच्या आत बोलण्याच्या निवडून आलेल्या जागा कमी झाल्या की पायऱ्यांवरची गर्दी वाढते, असं माझं मत आहे.

शिक्षा करायचीच असेल तर आरोप लेखी हवा, पुरावा दाखवायला हवा, उत्तराला वेळ हवा, चौकशी करणारा तक्रारदार स्वतः नको. परीक्षेतल्या गैरप्रकाराबद्दलसुद्धा विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवलं आहे. घोषणा देण्याचं प्रकरण त्याहून वेगळं कसं असेल? काच फोडली तर भरपाई आणि दंड समजू शकतो. घोषणा दिली म्हणून वर्षभर परीक्षेला बसू न देणं प्रमाणाबाहेरचं आहे.

फी, निकाल, प्रवेश अशा तक्रारींसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असलाच पाहिजे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. धरण्याच्या आधी हा अर्ज गेलेला असेल तर 'आम्हाला सांगितलंच नाही' हा बचाव उरत नाही.

पोलिसांनी नेलं तर

घरच्यांसाठी हा भाग. टिंगाटोळी करून नेणं म्हणजे बहुधा प्रतिबंधात्मक ताबा असतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७०, आणि त्याखाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हे गुन्हा नोंदवून केलेल्या अटकेपेक्षा वेगळं आहे. म्हणून पोलीस ठाण्यात गेल्यावर आधी हेच विचारायचं : ताबा की अटक, आणि कुठलं कलम? अटक असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं बंधनकारक आहे. मुलीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर ती अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच. पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं १८ पूर्ण नसतात. त्यांना कोठडीत ठेवता येत नाही, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तेव्हा जाताना जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बरोबर घ्यावं.

पासपोर्टची भीती बऱ्याच घरांत बोलून दाखवली जाते. प्रतिबंधात्मक ताबा म्हणजे फौजदारी खटला नव्हे. पासपोर्ट कायद्यातली अडचण न्यायालयात खटला प्रलंबित असेल तेव्हा येते आणि तेव्हाही त्या न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. अर्जात माहिती लपवली तर मात्र ती स्वतंत्र अडचण होते, म्हणून ठाण्यात जी कागदपत्रं झाली त्यांच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात.